हिरव्या तोंडाची अनशी

अनशी, तू गेल्याचं सरांना माझ्याआधी कळलं, याचा मला राग आला. तुझ्या भाच्याचा, दिनेशचा फोन त्यांच्याच मोबाइलवर आला होता. मी खोबरं खवत होते. सर "कधी?" म्हणाले, मग नुसतेच "हं, हं" करत राहिले आणि फोन माझ्या हातात देऊन ओसरीवर निघून गेले. दिनेश मला म्हणाला, "बाई, आत्या ऑफ झाली. सकाळी दूध तापवत होती, बस, दोन मिनिटांत खतम." ऑफ व्हायला तू काय ट्यूबलाइट होतीस? पोरांचं मराठी सुधारण्यात माझा जन्म गेला, पण तेव्हा त्याला काही बोलले नाही. त्याचा आवाज फाटला होता.

माझा नंबर तू कधी मागितलाच नाहीस. मला काही सांगायचं असलं तरी "सर, बाईंना सांगा" म्हणून त्यांनाच सांगायचीस. म्हणजे मरणाची बातमीसुद्धा मला नवऱ्याच्या हातून घ्यावी लागली. तुझ्या बाबतीत माझं सगळं असंच झालं, आधी सर आणि मग मी.

आज तुझं दहावं झालं. घरी आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू गेलीस म्हणून ते मिटलं असं मी मुळीच मानत नाही.

तुझं नाव मी पहिल्यांदा आमच्या जेवणाच्या पाटावर ऐकलं. सर तेव्हा रोज महाडहून एसटीने पोलादपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायला जायचे. मी इथे महाडात शिकवायचे. नवऱ्याला सर म्हणते म्हणून तू मला पुढे पुष्कळ हसलीस, पण सगळं गाव त्यांना सर म्हणत असताना मी एकटीने दुसरं काय म्हणणार? तर त्या दिवशी आमटीत भात कालवता कालवता सर म्हणाले, "महाबळेश्वरचा रस्ता फुटतो ना, त्या नाक्यावर भज्यांची टपरी आहे. ती बाई सर्कशीत झुल्यावर होती. तिचे हात बघितलेस का?" मी तुझी भजी खाल्ली होती, तेल जुनं आहे असंही म्हटलं होतं. हात नव्हते बघितले. कोणी भजी खाताना हात बघतं का?

सरांनी चित्र काढायला बोलावलं आणि पुढच्या रविवारी तू आमच्या ओसरीवर हजर. पिशवीत चमकीचा झगा, सर्कशीतून आणलेला, ट्रंकेत घडी करून ठेवलेला. उमरठच्या वरच्या वाडीतली अनुसया, मामा सर्कशीत तंबू ठोकायला होता म्हणून लहानपणी त्याच्यामागून गेलेली, आणि तिथे झालेली मिस अनिता. सर्कस मोडकळीला आली तशी परत आलीस आणि कढई मांडलीस. हे सगळं तू मला पहिल्या चहाच्या आत सांगितलंस. झगा पाठीवर बसेना. मग तू तो पोलक्यावरूनच चढवलास आणि काखेत सेफ्टी पिन टोचलीस. मला वाटलं होतं, सर्कशीतली बाई म्हणजे नखरे करत येईल. तू ती पिन दातात धरून "बाई, जरा मागनं ओढा" म्हणालीस आणि मी ओढलं. तुझी पाठ दगडासारखी घट्ट होती.

त्यानंतर रविवारमागून रविवार तू आलीस. सरांसमोर स्टुलावर बसायचीस, हात मांडीवर टाकून. मी कान देऊन असायचे, पण ऐकायला काही नव्हतंच. तुम्ही दोघं बोलतच नव्हता. बोलला असतात तर बरं झालं असतं. हसणं, खिदळणं, काहीतरी पकडता आलं असतं. सर नुसते बघायचे. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून बघायचे, मग चित्राच्या फळीवर सपासप रंग ओढायचे आणि पुन्हा बघायचे. मी चहा घेऊन जायचे, कपबश्या उचलायला जायचे, खिडकी लावायला जायचे, तीच खिडकी उघडायला जायचे. सरांना माझं येणं-जाणं कळायचं नाही. तुला कळायचं. तू म्हणायचीस, "बाई, साखर कमी हाय." साखर बरोबर असायची. मला परत आत पाठवायला म्हणायचीस की परत बाहेर बोलवायला, ते मला कधीच ठरवता आलं नाही.

त्याच सुमाराला मी चष्मा बदलला होता, गोल काढून चौकोनी घेतला होता. सरांच्या तो आठवडाभर लक्षात आला नाही. लक्षात आला तेव्हा म्हणाले, "डोकं दुखतंय का तुझं?"

शेवटी एकदा सर शाईचा रंग की कसलासा रंग आणायला बाजारात गेले तेव्हा मी तुला सरळ विचारलं, "अनशी, तुझं आणि सरांचं काही आहे का?" तू इतकी हसलीस की ती सेफ्टी पिन सुटली. "सरांचं? बाई, बाजारात म्हैस बगतात ना, तसं बगतात ते माज्याकडं. दात, खूर, शेपटी, समदं. त्यात कसलं काय?" मीही हसले. पण रात्रभर तेच डोक्यात. म्हैस तर म्हैस. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्याकडे म्हशीसारखंसुद्धा कोणी बघितलेलं नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

लफडं असतं तर मी निभावलं असतं. रडले असते, भांडले असते, माहेरी निघून गेले असते, आख्खं महाड माझ्या बाजूने उभं राहिलं असतं. हे जे होतं त्याला नावच नव्हतं, आणि ज्याला नाव नाही त्याच्याविरुद्ध बायको तक्रार कुणाकडे करणार?

माझंही चित्र होतं, तू पाहिलेलं. लग्नानंतर वर्षाच्या आत सरांनी काढलेलं. निळी साडी, खिडकीचा उजेड, हातात अनंताचं फूल. माझं नाक बसकं आहे, त्यात सरळ आलंय. पुढचा एक दात वाकडा आहे, तो ओठांनी झाकलाय. आल्यागेल्याने कौतुक केलं. दिवाणखान्यात ते लावलेलं होतं आणि पाहुण्यांना मी मुद्दाम त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसवायचे. तुझं चित्र पुरं होईपर्यंत मला ते फार आवडत असे.

तुझं चित्र झालं तो रविवार तुला आठवत असणारच. सरांनी फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि तुला म्हणाले, "ये, बघ." हिरवं तोंड, पिवळट हिरवं, आजारी केळीच्या पानासारखं. एक डोळा मोठा, दुसरा त्याहून खाली घसरलेला. मान तांबडीलाल. खांदे पुरुषाचे. हात तर एवढाले की बाकीची अनशी त्यांच्यामागे लपलेली. झग्याच्या चमक्या सुरीने थापलेल्या, आणि काखेत ती सेफ्टी पिन, अगदी जशीच्या तशी. मागे तंबू नाही, दिवे नाहीत, नुसता काळा रंग. पाय कुठेच टेकलेले नाहीत.

तू फळीजवळ गेलीस. मग म्हणालीस, "ह्ये कोन काडलात, सर? मी मेल्यावर अशी दिसन काय?"

सरांनी तुला समजावायला सुरुवात केली, जे मला ते नेहमी समजावत. मुंबईत शिकताना त्यांना जर्मनीकडच्या जुन्या चित्रकारांचं वेड लागलं होतं, जे माणसाचं तोंड हिरवं आणि आभाळ तांबडं रंगवायचे. "अनुसया, डोळ्यांना दिसतं ते फोटोवाला काढतो. पोटात जे होतं ते मी काढतो." तू म्हणालीस, "मंग तुमच्या पोटात बिघाड झालाय." आणि झगा न काढताच वरून साडी गुंडाळून एसटी पकडायला निघालीस. दारात माझ्या चित्रापाशी थांबलीस. "बाई, तुमाला देवी काडलान आनि मला भूत. मी त्यांचं काय वाकडं केलंय?"

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुला वाटलं, मी गप्प राहिले ती मला मनातून आनंद झाला म्हणून. तसं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं होतं, की ते भूतबीत काही नाही, ती तू आहेस. वरच्या वाडीपासून नाक्यापर्यंतची सगळी तू, जी मलाही धड दिसली नव्हती, ती त्या माणसाने काढली होती. आणि माझ्या भिंतीवर निळ्या साडीतली कोणीतरी बाई होती, नाक सरळ असलेली. तू निघून गेल्यावर मी सरांना विचारलं, "माझं काढलंत तेव्हा तुमच्या पोटात काय होत होतं?" सर ब्रश धुताना म्हणाले, "तेव्हा लग्न नवीन होतं." हे उत्तर झालं का, तूच सांग.

मग तू काही महिने फिरकली नाहीस. आलीस ती पिशवीभर करवंदं घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे तुझ्या शेवटच्या फेरीपर्यंत चाललं. तू म्हणायचीस बाईंचं चित्र भारी, मी म्हणायचे तुझं. "तुमी शिकलेली माणसं असंच बोलता. घ्या की मंग माजं, नि द्या मला तुमचं." दोघींनाही दुसरीचं चित्र हवं होतं. सर मध्ये पडायचे नाहीत. त्यांना वाटायचं बायका गंमत करतात.

मुंबईच्या एका प्रदर्शनात तुझं चित्र लागलं होतं, ते तुला सांगितलं होतं. लोक समोर येऊन उभे राहत आणि हलत नसत. "ही कोण?" असं सरांना विचारत. मी शेजारीच उभी, इस्त्रीच्या साडीत. मी कोण हे कोणीही विचारलं नाही. परत येताना गाडीत मी सरांशी पनवेलपर्यंत बोलले नाही, हे मात्र तुला सांगितलं नव्हतं.

पण एक गोष्ट तू मला दिलीस, ती सरांनाही दिली नाहीस. आमच्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. मी विचारलं, "वर झुल्यावर भीती नाही वाटायची?" तू म्हणालीस, "पडायची नाय वाटायची. खाली जाळी असते. जाळीवरनं उतरताना लाज वाटायची. गडगडत यावं लागतं ना, झगा वर जातो." आणि मग म्हणालीस, "लोकं वर बगत असतात, बाई, पन माजं त्वांड कोन बगत नाय. पडते काय, ते बगतात. एवढी वर्सं एवढी माणसं बगून गेली, त्यातल्या एकाला इचारा, अनिताचं नाक कसं होतं. सरांनी पयल्यांदा त्वांड बगितलान. आनि बगून असं काडलान." तेव्हा मला कळलं की तुला चित्राचा राग का आला होता. मी तुझ्या हातावर हात ठेवला. तू लगेच म्हणालीस, "हात काडा, तांदूळ सांडतील."

पुराच्या वर्षीचं मात्र मी तुला अजून माफ केलेलं नाही. तुझा त्यात काही दोष नव्हता, तरीही. सावित्रीचं पाणी पायऱ्यांवरून ओसरीत आलं तेव्हा सरांनी आधी तुला उचललं. गॅस नाही, धान्य नाही, माझी कागदपत्रांची पेटी नाही. ती अवजड फळी छातीशी धरून ते माळ्यावर चढले, आणि पाणी ओसरेपर्यंत उतरलेच नाहीत. माझं चित्र भिंतीवरच राहिलं. चिखलाची रेघ हनुवटीपर्यंत आली होती. नंतर घर धुताना मी ते पुसत होते, तर सर म्हणाले, "राहू दे, तुझं परत काढता येईल." आणि काढलं नाही. मी वाट बघितली, पण मागून घेतलं नाही. मागून काढलेलं चित्र पुन्हा निळ्या साडीतलंच आलं असतं.

तू शेवटची आलीस ती शिमग्याच्या आधी. सर डोळ्याच्या ऑपरेशननंतर झोपलेले होते. तू त्या चित्रासमोर जाऊन उभी राहिलीस, नेहमीसारखी पाठ न फिरवता. तोंडातले दात गेले होते तुझे, मान बारीक झाली होती, एक डोळा खरंच घसरला होता. म्हणालीस, "बाई, म्हातारी झाले तशी मी ह्यात मावायला लागले." मला केवढा हेवा वाटला तेव्हा. तोवर निदान त्या चित्रावर रागावण्यात तरी मी एकटी नव्हते, आता तूही पलीकडे गेलीस असं वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे आता बदलून घ्यायचं नाही ना?" तू हसलीस. हो की नाही, ते सांगितलं नाहीस. सर उठले, आणि तू त्यांच्याशी बोलायला गेलीस.

आता तुझ्या फ्लेक्सचं सांगते, कारण त्यावरून सगळं पुढचं झालं. तुझा एकही धड फोटो तुझ्या घरात सापडला नाही. आधार कार्डावर तू चोरासारखी दिसतेस. दिनेशने सरांना विचारलं, तर सरांनी चित्राचा मोबाइलवर फोटो काढून पाठवून दिला. बरोबर एक अक्षर लिहिलं नाही. दिनेशने तो तसाच महाडच्या फ्लेक्सवाल्याकडे धाडला. आणि दहाव्याला आम्ही पोलादपूरला एसटीतून उतरलो, तर नाक्यावर, तुझ्याच टपरीच्या वर, बांबूला बांधलेली एक बाई. गोरीपान, गुलाबी ओठ, दोन्ही डोळे एका ओळीत, अंगावर जरीकाठाची हिरवी साडी. बाजूला समई. खाली "कै. अनुसया" आणि भावपूर्ण श्रद्धांजली. मी तुला ओळखलंच नाही. मला वाटलं, आज दुसऱ्याही कोणाचं तरी दहावं आहे.

सर चष्मा पुसून बघत राहिले. मग म्हणाले, "हे नाक कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "माझं. तुम्हीच दिलेलं."

मी तिथल्या तिथे फ्लेक्सवाल्याला फोन लावला. त्याचा नंबर खाली कोपऱ्यात असतोच. चांगला पोक्त माणूस आहे, त्याची मुलगी माझ्या हाताखालून गेली. मी म्हटलं, "अहो, हे काय करून ठेवलंत?" तो अगदी खुशीत म्हणाला, "बाई, पुरातला फोटो ना तो? बघितल्याबरोबर ओळखलं मी. पार हिरवा पडलेला, रंग उतरून एक डोळा खाली आलेला. त्या साली किती जणांचे असे फोटो सुधारून दिले, विचारू नका. लग्नातले, आईबापांचे. हा जरा जास्तच खराब होता, तोंड नवीन बसवावं लागलं. आणि कपडे ते झगमग होते, दहाव्याला बरे दिसत नाहीत, म्हणून साडी टाकली. पिन होती एक, ती पण काढली." त्या पुरानंतर आख्ख्या गावाने हिरवी पडलेली, डोळे वाहून गेलेली माणसं हातात घेऊन त्याच्या दुकानाबाहेर रांग लावली होती. माझ्या आईचा फोटो त्यानेच नीट करून दिला होता. त्याला मी काय सांगू, की हिला पुराचं पाणी लागलं नव्हतं, हिला माझ्या नवऱ्याने असं काढलं होतं?

तरी मी तो फ्लेक्स उतरवायला निघाले. खरंच सांगते, टपरीच्या बाकावर पाय ठेवला होता. ज्या हिरव्या तोंडाचा मी इतकी वर्षं दुस्वास केला, त्याच्यासाठी मी भर नाक्यावर बाकावर चढत होते. मला वाटत होतं, तुझं एवढं एकच तोंड कोणीतरी बघितलं होतं, आणि तेही पुसून टाकलं. तेवढ्यात तुमच्या वाडीतली एक म्हातारी काठी टेकत आली, वर बघून उभी राहिली आणि दुसरीला म्हणाली, "अनशी कवडी ग्वाड दिसतेय गो. तिला लय हौस होती असा फोटो काडायची." दुसरीने पदर डोळ्यांना लावला. माझा पाय बाकावरून खाली आला.

तुला देवी व्हायचं होतं, झालीस. दिनेशची बायको म्हणाली, ह्याचाच छोटा करून लॅमिनेट करून घरात लावू. चित्राचं विचारलं तर चटकन म्हणाली, "नको बाई, ते तुमच्याकडेच राहू दे, पोरं घाबरतात." म्हणजे तू माझं घेतलंस, आणि तुझं माझ्याकडे राहिलं. आपली अदलाबदल झाली म्हणायची. पण शिमग्याच्या आधी तू जे म्हणालीस, ते मी त्या बायकांना सांगितलं नाही. तुला यातलं कुठलं तोंड हवं होतं, हे आता कोण सांगणार? मला वाटतं, तुझं तुलाही ठरलं नव्हतं.

येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही मला तिच्यासारखं का नाही काढलंत?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. टाळतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिच्याकडे तसं बघून झालं की मी घरात, तुझ्यापाशी येत होतो. तुझ्याकडे तसं बघितलं असतं, तर कुठे आलो असतो?"

तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, सरांना बोलता बरं येतं. मलाही आधी तेच वाटलं. ते खरं की माझी समजूत, मला माहीत नाही. पण मी म्हटलं, "आता आपण कुठे जाणार आहोत? उद्या काढा." सरांनी खिडकीची काच सरकवली. मग "बरं" म्हणाले.

हे इथपर्यंत काल लिहिलं. पुढचं आत्ता स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने लिहिते आहे.

सकाळी सरांनी फळी मांडली. मी नेहमीची सुती साडी नेसले, मुद्दामच. ओसरीवर बसले. सर म्हणाले, "चष्मा काढ." काढला. मला ते धूसर दिसायला लागले आणि मी त्यांना लख्ख दिसत होते. त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि बघायला लागले. जे मला हवं होतं अगदी तेच. मी आधी पोट आत घेतलं. मग ओठ मिटले, दात झाकायला. मग मान खाली गेली. "वर बघ," सर म्हणाले. बघितलं. त्यांची नजर नाकापाशी आली, गळ्यापाशी आली, पुन्हा डोळ्यांपाशी आली आणि तिथून हलेना. आणि मला वाटलं, आता यांना ते दिसणार. दिनेशचा फोन माझ्या हातात आला, त्या क्षणी मला काय वाटलं ते. हायसं वाटलं होतं, अनशी. घास घशाखाली उतरावा एवढाच वेळ, पण वाटलं होतं, आता आम्ही दोघंच.

मी उठले. "कुकर लावायचा राहिलाय," म्हणाले. कुकर लावून झाला होता, वास ओसरीपर्यंत येत होता.

मला इतकी वर्षं वाटत आलं, की माझ्या वाट्याचं काहीतरी तू उचलून नेलंस. तुला हेवा करण्यासारखं काही मिळालं होतं असं वाटायचं. तू तर नुसती बसली होतीस, पाठ टेकायला काही नसलेल्या स्टुलावर, आणि त्या माणसाला जे बघायचं ते बघू देत होतीस. एकदाही मान खाली घातली नाहीस. मला पाच मिनिटं जमलं नाही.

सर अजून ओसरीवर बसलेत. रंग वाळतोय, तरी हाक मारत नाहीत. मी जाणार आहे परत, जायचंच आहे. फक्त तिथे कसं बसायचं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत असलेली तू एकटीच होतीस.